साडेतीन घनसेंटिमीटरचे एंजिन



आजचा विषय कळला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांला बाजूला घेऊन विचारले, "वसंत व्याख्यानमालेत तुम्ही मुलांच्या खेळण्यांवर बोलणार?" प्रश्न गैर नव्हता. जेथे संतवाङ्मयावर आणि अर्थकारणावर बोलले जाते, तेथे बिनतारी संदेशाने पळणारी हातभर लांबीची मोटार पंगतीला आणून बसवणे हे थोडे धाडसाचेच. आम्ही त्यांना एवढेच म्हणालो की मोटार खेळण्यातली आहे हे कबूल, पण तिच्या पोटातले एंजिन खेळण्यातले नाही. त्याच्या सिलिंडरात चहाचा एक चमचासुद्धा पुरता मावत नाही. तरी ते मिनिटाला ३०,००० च्या वर फेरे घेते. आम्ही "पेण" हे दोन अक्षरांचे नाव उच्चारतो तेवढ्या वेळात त्याचा दट्ट्या शंभर-दीडशे वेळा खाली-वर होऊन जातो. आपल्यापैकी पुष्कळांनी एके काळी लूना चालवली असेल. तिचे एंजिन ५० घनसेंटिमीटरचे, म्हणजे याच्या चौदापट मोठे. आणि या चिमुकल्या यंत्राचे कारखानदार दोन अश्वशक्तीच्या पुढचे आकडे छापतात. छापील आकड्यांवर किती विश्वास ठेवावा हे पुढे पाहू.

हा विषय आज निघण्याचे कारण घरगुती आहे. पुण्या-मुंबईस नोकरीला गेलेली आपली मुले सुटीत घरी येतात ती आता अशा गाड्या घेऊन येतात. भात कापून झाले की मोकळी खाचरे पडलेलीच असतात. बांध म्हणजे आयते चढ, नांगरटीची ढेकळे म्हणजे आयते अडथळे. आमच्या भावाचा मुलगाही असाच एका डिसेंबरात गाडी घेऊन आला. पहिल्या नोकरीच्या पैशातून घेतलेली, एंजिन कोरे करकरीत. शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास पुण्यास त्याने ते मित्रांच्या मदतीने उत्तम जुळवले, रात्री घाट उतरला आणि रविवारी सकाळी सातला, अंगात स्वेटर घालून, पेणजवळच्या खाचरात गाडी सोडली. पहिली तीन मिनिटे काय ती पळाली! आवाज असा निघाला की बांधावर दात घासत उभे असलेले शेजारी हातातली मशेरी विसरले. आम्हीही वा वा म्हणत होतो. मग आवाज जरा बारीक झाला, एंजिनामागे दिसणारी धुराची रेघ नाहीशी झाली, गाडी आणखीच वेगाने गेली आणि एकाएकी गप्प झाली. डोक्यावरच्या पंख्यांवर पाण्याचा थेंब टाकला तर तो उकळायलाही थांबला नाही, उडूनच गेला. एंजिन निवल्यावर चाक बोटाने फिरवून पाहिले तर ते सरळ गरगर फिरले. नव्या एंजिनात जी पकड हाताला लागायला हवी ती संपली होती. मुलाने एंजिनाला नावे ठेवली, त्याच्या वडिलांनी मुलाला. वा वा म्हणणारे आम्ही मात्र गप्प बसलो.

दोष कोठे होता? एंजिनात नव्हता आणि जुळणीतही नव्हता. पुण्याच्या दुपारी ती जुळणी बरोबरच होती. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. तेथली हवा पेणच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ. त्यात दुपारची २९ अंशांची हवा आणि पहाटेची १७ अंशांची हवा यांत आणखी चार टक्क्यांचा फरक. म्हणजे मुलगा घाट उतरून आला तेव्हा त्याच्या एंजिनाला त्याच आकाराच्या घासात दहा टक्के अधिक हवा मिळू लागली. इंधनाची सुई मात्र होती तेथेच. तेव्हा इंधन त्या प्रमाणात कमी पडले. या एंजिनात इंधन कमी पडणे म्हणजे काय, हे समजल्याशिवाय निवड आणि जुळणी या दोन्ही गोष्टी समजणार नाहीत. म्हणून थोडे खोलात जाऊ.

पेट्रोलच्या दुचाकीत ठिणगी पाडणारा प्लग असतो. येथे ठिणगी नाही. प्लॅटिनमयुक्त तारेचे एक लहानसे वेटोळे सिलिंडरच्या माथ्यात बसवलेले असते. सुरू करताना त्याला दीड व्होल्टच्या आतबाहेरची विजेची ऊब देतात, ते लाल होते आणि मग वीज काढून घेतली तरी विझत नाही. कारण इंधनातले मिथेनॉल प्लॅटिनमच्या सान्निध्यात आपोआप जळते आणि तारेला तापलेली ठेवते. अमेरिकेत रे आर्डेन यांनी हा प्लग १९४७ साली बाजारात आणला आणि लहान एंजिनांच्या पाठीवरचे बॅटरी-कॉइलचे ओझे उतरले. सोय झाली, पण त्याबरोबर पेट कोणत्या क्षणी घ्यावा हे ठरवणारा वेगळा कारभारी उरला नाही. तो क्षण आता प्लगची उष्णता, सिलिंडरातला दाब आणि मिश्रण यांच्या संगनमताने ठरतो. एकाला हात लावला की बाकीचे दोघे हलतात.

इंधनात तीन गोष्टी असतात: मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. एक किलो मिथेनॉलला साडेसहा किलोच्या आत भागते. आणि नायट्रोमिथेनला तर दोन किलोसुद्धा लागत नाही, कारण ते आपला प्राणवायू बरोबर बांधून आणते. म्हणजे तेवढ्याच हवेच्या घासात कितीतरी अधिक इंधन जाळता येते, आणि एवढ्याशा यंत्रातून एवढी ताकद निघते तिचे रहस्य हेच. तिसरे तेल. त्यात संशोधित तेले असतात, आणि पुष्कळ मिश्रणांत आपल्या घरातले एरंडेलही असते. लहानपणी ज्याने आपल्या सर्वांचा जीव नकोसा केला तेच! पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती एंजिनेही त्याच्यावर चालली. अतिशय तापले तरी एरंडेलाचा थर धातूला धरून राहतो, इतर पुष्कळ तेलांचा सुटतो.

आता मुद्दा असा. या एंजिनात वेगळे तेल घालण्याची सोय नाही आणि थंड करायला पाणी नाही. मिथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता शोषून घेते. चालत्या एंजिनाच्या कार्बुरेटरला बोट लावून पाहावे, गार लागते. तेव्हा इंधन हेच येथे अन्न, तेच वंगण आणि तेच पाणी. इंधन कमी केले की उपासमार, कोरडेपणा आणि ताप ही तिन्ही एकदम ओढवतात. आणि फसवणूक अशी की इंधन थोडे थोडे कमी करत नेले तर एंजिन अगदी शेवटपर्यंत अधिकाधिक जोराने पळते. विझणारा दिवा मोठा होतो म्हणतात, तसे. त्या रविवारी आम्ही वा वा म्हणत होतो ती त्या मोठ्या झालेल्या ज्योतीला.

इंधन जास्त आणि हवा कमी त्याला आपण ओले मिश्रण म्हणू, उलट असेल त्याला कोरडे. पेणकरांना हे दोन शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. गणपतीच्या कारखान्यात शाडूचा गोळा हाती घेतलेला कारागीर तराजू मागत नाही. बोटाला चिकटला तर ओला, दाबताना कड तडकली तर कोरडा. आणि दिवसभरात ऊन-वारा बदलला की तोच गोळा पुन्हा भिजवावा लागतो, याबद्दल तो कुरकुरही करत नाही. एंजिनाच्या सुईचे काम याहून वेगळे नाही.

आता निवडीकडे वळू. खडबडीत जमिनीवरच्या शर्यतींत मोठा वर्ग आहे तो एक-अष्टमांश आकाराच्या गाड्यांचा, आणि त्यात एंजिनाची मर्यादा ३.५ घनसेंटिमीटरची. त्याहून लहान गाड्यांना दोन-अडीच घनसेंटिमीटरची एंजिने लागतात. म्हणजे आकाराचा प्रश्न गाडीच सोडवते. खरेदीदार फसतो तो पुढे. तो डब्यावरची अश्वशक्ती आणि फेऱ्यांचा आकडा पाहतो. पण ३५,००० फेऱ्यांवर मिळणारी अश्वशक्ती खाचरात वापरणार कोठे? दहा पावलांवर वळण, पुढे बांध, त्याच्यापुढे ढेकळे. येथे लागते ती वळणातून निघतानाची ओढ, खालच्या आणि मधल्या फेऱ्यांतली. गुळगुळीत डांबरी मार्गावर शर्यती करणाऱ्यांची गरज वेगळी, त्यांची एंजिनेही वेगळी. सिलिंडरात मिश्रण आत घेण्याच्या खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. तीन, पाच, सात अशा त्यांच्या संख्येची जाहिरात होते. सात खिडक्यांचे घर पाच खिडक्यांच्या घरापेक्षा चांगले असलेच पाहिजे, असे थोडेच आहे? आमच्या मते आपल्याकडच्या नवशिक्याने तीन किंवा पाच पोर्टचे, खालच्या फेऱ्यांत ओढणारे, शांत स्वभावाचे एंजिन घ्यावे आणि त्याबरोबर जरा लांब नळीचा, ओढ देणारा धुराडा बसवावा. कार्बुरेटरच्या तोंडात बसवायच्या लहान-मोठ्या चकत्या मिळतात. मोठ्या भोकाची चकती ताकद देते, पण लहान भोकाची चकती इंधन वाचवते आणि खटका दाबताच गाडी हुकमात ठेवते. सहा-साडेसहा मिलिमीटरपासून सुरुवात करावी.

इंधन वाचवणे हे कंजूषपणाचे बोलणे वाटेल. परंतु या वर्गाच्या शर्यतीत टाकी १२५ घनसेंटिमीटरहून मोठी चालत नाही, आणि अंतिम फेरी पाऊण तास ते तासभर चालते. दर आठ-दहा मिनिटांनी गाडी आत बोलावून टाकी भरावी लागते. ज्याची गाडी एक मिनिट अधिक टिकते तो तासाभरात एखादी खेप वाचवतो. वेगाने पुढे गेलेले कित्येक जण टाकीशी मागे पडतात.

सुटे भाग सहज मिळतील असेच एंजिन घ्यावे, ही गोष्ट तर आम्ही अश्वशक्तीच्याही आधी ठेवू. जपानात ओसाका येथे १९३६ पासून चालत आलेली ओ. एस. यांची एंजिने आहेत, इटलीतल्या कारखान्यांची आहेत. नाव कोणतेही असो; दट्ट्याचा दांडा, बेअरिंग, प्लग, कार्बुरेटरची रबरी कडी ही चार नावे विकणाऱ्याला विचारावी. त्याने "मागवून देऊ" म्हटले तर नमस्कार करून पुढच्या दुकानी जावे. साधारण सात-आठ लिटर इंधन जळले की दांडा बदलावा असा अनुभवी लोकांचा हिशेब आहे. न बदलला तर तो तुटताना दट्ट्या आणि सिलिंडर दोन्ही घेऊन जातो. महागड्या एंजिनांत मागचे बेअरिंग चिनी मातीच्या जातीच्या गोळ्यांचे असते. कोकणच्या दमट हवेत ते घ्यावे काय? गोळ्या गंजत नाहीत हे खरे, पण ज्या कड्यांत त्या फिरतात त्या पोलादाच्याच. तेव्हा त्यावर पैसे घालून काळजी सोडून देणार असाल तर घेऊ नये.

एंजिन आणले. आता ते मुरवायचे कसे? हे दट्टे बिनकड्यांचे असतात. म्हणजे पिस्टनला स्कूटरसारख्या रिंगा नसतात. सिलिंडरची आतली भिंत वरच्या अंगाला किंचित निमुळती ठेवलेली असते. थंड असताना दट्ट्या वर जाऊन अडकतो; नवा माणूस घाबरतो आणि एंजिन सदोष म्हणून परत करायला निघतो. ते सदोष नसते. तापल्यावर भिंत फुगते आणि मग दोघांचे बरोबर जुळते. यावरून दोन गोष्टी ओघाने येतात. पहिली, थंड एंजिन कधी जबरदस्तीने सुरू करू नये. केस वाळवण्याच्या यंत्राने माथा हाताला चांगला गरम लागेपर्यंत शेकून मग सुरू करावे. दुसरी, बंद केल्यावर चाक फिरवून दट्ट्या तळाशी आणून ठेवावा. नाही तर निवताना आकसणारी भिंत त्याला आवळते आणि ती पकड दर वेळी थोडी थोडी झिजते.

पहिल्या पाच-सहा टाक्या मिश्रण चांगले ओले ठेवून, खटका हळू हळू दाबत, गाडी चालवतच जाळाव्या. जुने लोक एंजिन ठोकळ्यावर ठेवून तासन्‌तास मंद आचेवर धुरवत बसायला सांगत. आम्हांला ते पटत नाही. त्यात एंजिन पुरेसे तापतच नाही, आणि न तापलेल्या अरुंद भिंतीवर दट्ट्या घासत राहतो. तापवावे, पण ओले ठेवून तापवावे. एक टाकी, मग पूर्ण निववणे, मग पुढची. ज्याच्याजवळ या एका दिवसाचा धीर नाही त्याने हा छंद धरू नये, असे आम्ही आमच्या पुतण्याला सांगणार होतो. पण तोवर उशीर झाला होता.

जुळणीसाठी दोन सुया असतात, आणि मंद चालताना तोंड किती उघडे राहावे हे ठरवणारा एक स्क्रू. एक सुई वेगाची, एक मंदगतीची. उजवीकडे फिरवली की मिश्रण कोरडे, डावीकडे की ओले. किती फिरवायची? सुईच्या डोक्याला घड्याळाची तबकडी समजावे आणि एका वेळी एक तास सरकवावी, म्हणजे फेऱ्याचा बारावा भाग. त्याहून अधिक कधीही नाही. आणि गाडी दोन-तीन चक्कर पळवल्याशिवाय पुढचा तास नाही. प्रथम एंजिन नीट तापवावे, मग वेगाची सुई, नंतर मंदगतीची. हा क्रम उलटा केला तर दुपार जाते आणि हाती काही लागत नाही. मंदगतीच्या दोषावर वेगाच्या सुईने उपचार करणारे लोक आम्ही पुष्कळ पाहिले. पाय दुखतो म्हणून डोक्याला लेप लावावा, तसे ते होते.

वेगाची सुई बरोबर आहे हे कशावरून ओळखावे? सरळ पट्टीत गाडी पूर्ण जोराने गेली तर तिच्यामागे धुराची बारीक पांढुरकी रेघ दिसलीच पाहिजे. रेघ नाही म्हणजे तेल जात नाही. आवाज स्वच्छ हवा, पण पट्टीच्या शेवटी तो किंचित भरलेला वाटावा. मंदगतीची परीक्षा याहून गमतीची आहे. एंजिन मंद चालत असताना कार्बुरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबून धरावी. दोन-तीन सेकंद थांबून, फेरे थोडे वाढून एंजिन बंद पडले तर सुई बरोबर. दाबताच मेले तर मिश्रण कोरडे. बराच वेळ रेंगाळले आणि फेरे फार वाढले तर ओले. खटका सोडल्यावरही फेरे लवकर खाली येत नसतील तर नुसत्या सुईकडे पाहू नये. कार्बुरेटरच्या बुडाशी किंवा मागच्या झाकणाशी कोठून तरी चोरटी हवा आत शिरत असते. अशा एंजिनाची जुळणी ब्रह्मदेवालाही साधणार नाही. आधी गळती शोधावी.

हल्ली लांबून तापमान दाखवणारी हातातली यंत्रे स्वस्त झाली आहेत. माथ्यावर १०० ते १२५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आकडा असला म्हणजे साधारण ठीक. पण आकडा गाठण्यासाठी सुई फिरवू नये. तो साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. दमट उन्हाळ्यात ओले एंजिनही जरा अधिक तापलेले दिसते, थंडीच्या पहाटे कोरडे एंजिन थंड असल्याचे ढोंग करते. यंत्र नसेल तर पाण्याचा थेंब टाकावा: तीन-चार सेकंद चुरचुरत उकळला तर बरे.

आता आपल्या हवेकडे परत येऊ. मे महिन्यात पेणला ३५ अंश उष्मा आणि ७० टक्के दमटपणा असला तर हवेच्या शंभर भागांतले जवळजवळ चार भाग नुसती वाफ असते. तिचा एंजिनाला जाळण्याच्या कामी काही उपयोग नाही. उष्म्याने हवा विरळ झालेली असते ती वेगळीच. तेव्हा डिसेंबरच्या पहाटे जुळवलेले एंजिन मेच्या दुपारी ओले वाटते, धुरकट चालते, जोर धरत नाही. तेथे सुई एक-दोन तास आत घेण्यास हरकत नाही. उलट संध्याकाळी खाडीचा वारा सुटून हवा निवली की पुन्हा बाहेर. रोह्यास कुंडलिकेकाठी सकाळी धुके असते, दहाला ऊन चढते. म्हणजे एकाच सुटीच्या दिवशी दोन वेळा सुई हलवावी लागते. आपली हवा या खेळाला वाईट आहे असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू की या वर्गाची जागतिक अजिंक्यपदाची शर्यत २०१० साली थायलंडमध्ये पट्टायाला झाली, आणि तेथली हवा आपल्याहून कोरडी नाही. हवेची गैरसोय तिची नोंद न ठेवणाऱ्याला होते. एक वही घालावी. तारीख, तास, उष्मा, जमीन, सुई बंद होईपर्यंत मोजलेले फेरे आणि प्लगची तार कशी दिसली. तार लखलखीत आणि सरळ असली तर उत्तम, राखाडी पडून वेडीवाकडी झाली असली तर एंजिन कोरडे चालले. वर्षाने ती वही कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण पुस्तके लिहिणाऱ्यांनी पेणची दुपार पाहिलेली नसते.

धुळीबद्दल थोडक्यात. खाचरातली धूळ पिठासारखी असते, आणि भाताच्या तुसात तर वाळूचाच अंश असतो. चिमूटभर आत गेली की सिलिंडरला पॉलिश कागद लावल्यासारखे होते. हवेच्या गाळणीचा फेस दर खेपेस स्वच्छ करावा, त्याला गाळणीचे तेल हाताने चोळून मुरवावे आणि गाळणीची मान कार्बुरेटरला घट्ट बांधावी. आम्ही पाहिलेल्या मेलेल्या एंजिनांपैकी निम्मी तरी या एका बांधणीच्या आळसाने मेली असावीत.

आणि आता सर्वांत गंभीर गोष्ट. ती खास आईवडिलांसाठी आहे. धाटावच्या कारखान्यांत ज्यांनी मिथेनॉलचे पिंप हाताळले असेल त्यांना हे सांगायला नको. इतरांना सांगितलेच पाहिजे. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे गेली. त्या दारूत हेच मिथेनॉल होते. ते पोटात गेले तर डोळे जातात, जीव जातो. त्वचेतूनही ते आत शिरते. गाडीच्या इंधनात त्याचाच भाग मोठा असतो, आणि त्या इंधनाला कित्येकदा सरबतासारखा लाल किंवा गुलाबी रंग दिलेला असतो. म्हणून ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतणे हा आमच्या दृष्टीने गुन्हा आहे. मूळ डब्यातच ठेवावे, वर ठळक "विष" असे लिहावे, कुलूप लावावे आणि किल्ली मोठ्या माणसाजवळ ठेवावी. हातमोजे घालून भरावे. त्याची ज्योत भर उन्हात दिसतही नाही, तेव्हा जवळ विडी-सिगारेट नको आणि पाण्याची बादली हवी. निव्वळ नायट्रोमिथेन विकत आणून घरी मिश्रण करण्याचा उपद्व्याप करू नये. १९५८ साली अमेरिकेत नायट्रोमिथेन भरलेल्या रेल्वेच्या टाक्यांचे दोन मोठे स्फोट झाले. युरोपीय संघात तर २०२१ पासून सोळा टक्क्यांहून अधिक नायट्रोमिथेनचे इंधन परवान्यावाचून सामान्य ग्राहकाला मिळत नाही. तेथले लोक आता सोळा टक्क्यांवर एंजिने जुळवतात आणि शर्यतीही करतात. आपल्या नवशिक्यालाही सोळा ते वीस टक्के पुष्कळ झाले. आणखी एक. असे इंधन रेल्वेने नेण्यास मनाई आहे, आणि एस. टी.च्या गर्दीतही ते नेऊ नये. दिव्याहून येणाऱ्या गाडीत पिशवीतून डबा आणणाऱ्या मुलाला त्यात काही विशेष वाटत नाही. डब्यातल्या बाकीच्या शंभर माणसांना कोणी विचारलेले नसते.

बिनतारी यंत्रात संदेश तुटला तर खटका आपोआप बंद होईल अशी सोय असते, ती लावली आहे की नाही हे गाडी उचलून, चाके अधांतरी ठेवून, दर वेळी पाहावे. साडेतीन किलोच्या आसपासची गाडी बेभान सुटली तर बांधावर बसलेल्या पोराचा पाय मोडेल. आवाजाचेही भान हवे. मार्चमध्ये दहावीची परीक्षा चालू असताना आळीत हे एंजिन ओरडवणाऱ्याला शेजाऱ्यांनी चार शब्द सुनावले तर आम्ही शेजाऱ्यांच्या बाजूचे.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे: विजेच्या गाड्या इतक्या चांगल्या निघाल्या असताना हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. विजेच्या गाडीला धूर नाही, विष नाही, सुई नाही, आणि ओढ तर पहिल्या फेऱ्यापासून. ज्याला नुसती शर्यत करायची आहे त्याने ती खुशाल घ्यावी. तिच्या बॅटरीला जपावे लागते, एवढेच. ज्याला एंजिन कसे श्वास घेते हे कानाने शिकायचे आहे त्याच्यासाठी मात्र दुसरे एवढे स्वस्त गुरुकुल आम्हांला माहीत नाही. आमच्या पुतण्याने तेच एंजिन नवा सिलिंडर आणि दट्ट्या घालून पुन्हा उभे केले. दुसऱ्या वर्षी घाट उतरल्यावर त्याने पहिले काम केले ते वेगाची सुई तीन तास बाहेर काढण्याचे. गाडी त्या दिवशी आळशी आणि धुरकट चालली. मग त्याने एकेक तास करत ती आत आणली, आणि मध्येच आम्ही "अजून एक घे" म्हटले तेव्हा त्याने मान हलवून "नको, काका" म्हटले.

राहता राहिला पावसाळा. आपल्याकडे मृगापासून दसऱ्यापर्यंत हा खेळ बंद, आणि कोकणात एंजिने मरतात ती बहुतेक याच चार महिन्यांत, फळीवर पडल्या पडल्या. मिथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. टाकीत आणि एंजिनात उरलेले इंधन गंज चढवते, आणि पहिला बळी मागचे बेअरिंग. शेवटच्या दिवशी टाकी रिकामी करून, आत असेल तेवढे इंधन चालवून संपवावे. प्लग काढून एंजिनासाठी मिळणारे गंजरोधक तेल आत सोडावे, चाक दहा-बारा वेळा फिरवून ते सगळीकडे पोचवावे, दट्ट्या तळाशी ठेवावा आणि एंजिन हवाबंद डब्यात ठेवावे. उघडलेल्या डब्यातले उरलेले इंधन पुढच्या हंगामाला ठेवू नये. ते गटारात किंवा विहिरीजवळ ओतायचेही नाही. जेथून घेतले त्या दुकानदाराशी बोलून ते परत करावे. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत एंजिन मांडायचे असेल तर जरूर मांडावे, पण त्या आधी चाक एकदम फिरवून पाहू नये. एरंडेल आत चिकटून घट्ट झालेले असते. माथा आधी शेकावा, मग हलक्या हाताने फिरवावे. कपाटाची किल्ली त्या दिवशीही मोठ्या माणसाजवळच असावी.